स्पाला नेलेली आई

स्पाला नेलेली आई साधारण अठ्ठावन्न ते सत्तर या वयात, वाढदिवसाच्या मागच्यापुढच्या शनिवार-रविवारी, लोणावळा, मुळशी, कर्जत, इगतपुरी अशा डोंगरातल्या हॉटेलांत आढळते. ती स्पाला जात नाही, नेली जाते. सगळ्या प्रकाराचे व्याकरण कर्मणी आहे. कर्ता मुलगी, कर्म आई, आणि क्रियापदाचे पैसे आगाऊ भरलेले. हे पैसे परत न मिळण्याची अट नसती तर हा प्रकार अस्तित्वातच आला नसता, कारण बातमी कळल्यावर आईचे पहिले वाक्य "रद्द कर" हे असते आणि त्यावर "पैसे परत मिळणार नाहीत" हे एकच उत्तर लागू पडते.

नेणारी बहुधा मुलगीच. मुलाने नेले तर पैसे तो देतो, बुकिंग सून करते आणि सोबत शेवटी बहीणच जाते. मुलगी तिशी-चाळिशीची, नोकरी करणारी, पाठ कायम आखडलेली. तिच्या मते आईने जन्मात विश्रांती घेतलेली नाही, ती आता घ्यायलाच हवी. आईच्या मते पोरगी नोकरीपायी वाळून गेली आहे, स्वतःसाठी म्हणून ती कधी रजा टाकणार नाही, तेव्हा आपण निमित्त व्हावे आणि तिला दोन दिवस झोपू द्यावे. म्हणजे दोघीही दुसरीला विसावा मिळावा म्हणून घराबाहेर पडतात. हे दोघींपैकी कोणीच बोलून दाखवत नाही, आणि दोन दिवस दोघीही दुसरी नीट विश्रांती घेते आहे की नाही यावर पहारा ठेवून असतात.

निमित्त वाढदिवसाचे असले तरी तो नेमका कधी, हा प्रश्न सुटलेला नसतो. या पिढीतल्या आईला निदान दोन वाढदिवस असतात. एक तिथीचा. तो "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, पाऊस मी म्हणत होता" असा आजीच्या आठवणीतून आलेला असतो. दुसरा १ जून. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या नवल वाटावे इतकी मोठी आहे. शाळा जूनमध्ये उघडत, आणि नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकत आणि पुढच्या पोराकडे वळत. सरकारदरबारी आई त्याच दिवशी जन्मलेली असते. त्यामुळे श्रावणात वाढदिवसाची सवलत मागायला गेल्यावर आधार कार्ड काढावे लागते आणि सवलत दोन महिन्यांपूर्वीच उलटून गेलेली निघते. केक मात्र मिळतो. त्यात अंडे नाही ना, हे तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून होते.

साठी असेल तर प्रकरण आणखी जड. संवत्सरांची नावे साठ, प्रभवापासून क्षयापर्यंत. साठ वर्षांनी जन्माच्या वेळचे संवत्सर फिरून येते, म्हणून साठ भरून एकसष्टावे लागताना शांत करायची पद्धत. १९६६च्या पाडव्यानंतर वर्षभरात जन्मलेल्या आईच्या वाट्याला २०२६-२७मध्ये 'पराभव' नावाचे संवत्सर परत येते. संकल्प सांगताना एवढे एक नाव भटजींनी जरा भरभर म्हटले तर कोणाची तक्रार नसते. पण बहुतेक घरांत एकसष्टी झालेली असते ती वडिलांची, आईच्या साठीच्या तीन-चार वर्षे आधी. होम, जेवणावळ, शाल-श्रीफळ, एकसष्ट दिव्यांनी ओवाळणे. आई त्या दिवशी शेजारच्या पाटावर, यजमानांच्या हाताला हात लावून बसलेली, आणि डोळ्यांनी आचाऱ्याला आमटीचे मीठ बघायला सांगत असलेली. ओवाळायचे एकसष्ट दिवेसुद्धा कणकेचे, पहाटे उठून तिनेच उकडलेले. एका घरात एकदा शांत झाली की झाली, असा हिशेब असल्याने तिची स्वतंत्र एकसष्टी निघत नाही. ती उणीव हल्ली स्पा भरून काढतो. होम नाही, पण वाफ आहे.

निघण्याच्या आधीचे दोन दिवस आई स्वयंपाकघरात असते. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी मागे राहणाऱ्या नवऱ्याची पाच दिवसांची सोय होते. फ्रिजमध्ये श्रीखंडाचे रिकामे डबे एकावर एक चढतात, एकात भाजी, एकात आमटीचे वाटण, एकात खरोखरच श्रीखंड, आणि कशात काय आहे हे फक्त तिलाच ठाऊक असते. त्यामुळे स्पातल्या पहिल्या दिवशी घरून पाच फोन येतात. स्वतःच्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, मेतकूट आणि सुपारीची डबी. मुलीने "तिन्ही वेळचं जेवण पैशात धरलंय" हे लेखी दाखवले तरी पुऱ्या उतरत नाहीत. वाटेत घाट आहे, घाटात गाडी बंद पडू शकते, आणि बंद पडलेल्या गाडीत बुफे नसतो, या युक्तिवादात कुठे चूक काढणार?

नातेवाइकांना कळवण्यात एक घोळ हमखास होतो. अशा ठिकाणी तेल लावण्यापासून पाय धुण्यापर्यंत सगळ्याला 'ट्रीटमेंट' म्हणतात. आई तो शब्द उचलते आणि धाकट्या बहिणीला फोनवर सांगते, "उद्या सकाळी साडेदहाला माझी ट्रीटमेंट आहे." पुढच्या अर्ध्या तासात नाशिक, सांगली आणि ठाणे या तिन्ही ठिकाणी काळजीचे वातावरण पसरते. यात बहिणीची चूक नाही. आधीच्या पिढीत काही झाल्याशिवाय माणूस अशा जागी जातच नसे. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने सुरू झाला, पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला. तिथे मातीच्या पट्ट्या, एनिमा आणि बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या घेऊन माणसे दमा, मधुमेह आणि वजनाशी झुंजत. लोणावळ्याचे कैवल्यधाम त्याहून जुने, १९२४चे. स्वामी कुवलयानंदांनी ते काढले आणि तिथे योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी केली. तिथून आलेला माणूस बारीक होऊन आणि उपदेश घेऊन येई. तेव्हा धडधाकट बाई हजारो रुपये भरून लोणावळ्याला ट्रीटमेंट घ्यायला निघाली, हे ऐकून "खरं सांग, काय निघालंय?" हा प्रश्न रास्तच म्हणायला हवा.

स्पा हे मुळात एका गावाचे नाव. बेल्जियममधल्या या गावात खनिजयुक्त पाण्याचे झरे आहेत, त्यावरून अशा सगळ्या जागांना ते नाव पडले. युरोपातल्या अशा अकरा गावांना २०२१मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, त्यांत हे मूळ गावही आहे. माहितीपत्रकांत या शब्दाची फोड लॅटिनमधून करून दाखवतात, ती मागाहून जुळवलेली आहे. आईच्या माहेरी या गोष्टीला उन्हाळे म्हणतात. राजापूरजवळ तर त्याच नावाचे गाव आहे, दापोलीकडे उन्हवरे, खानदेशात उनपदेव, म्हणजे नावातच ऊन. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही कुंडे आहेतच. जमिनीत खोल मुरलेले पाणी पोटातल्या उष्णतेने तापते आणि खडकाच्या भेगांतून वर येते. त्याला गंधकाचा वास असतो, आणि तो वास हीच गुण येण्याची खूण मानली जाते. आईची आई तिथे परकर छातीशी बांधून कुंडात उतरत असे, सांधे शेकून निघत असे, देवाला नारळ फोडून एसटीने परत येत असे. खर्च नारळाचा आणि तिकिटाचा. हे आकडे आईच्या डोक्यात पक्के असतात आणि पुढे दरपत्रक हातात आल्यावर ते बाहेर पडतात.

आगमन लवकर उरकते. गळ्यात सुताची माळ, हातात गवती चहाचे गार सरबत, ते फुकट असल्याची खात्री. मग काकडीच्या चकत्या घातलेले पाणी येते. आईच्या लेखी त्यात काकडी वाया गेलेली असते.

दरपत्रक हा मात्र थांबून बघण्याचा भाग. ते जाड, खरबरीत कागदाचे असते आणि किमती अक्षरांहून बारीक टाइपात. आई चष्मा लावून ते वर्तमानपत्रातल्या निविदेसारखे वाचते आणि हळूहळू तिच्या ध्यानात येते की यातले सगळे तिच्या घरचे आहे. 'उबटन बॉडी पॉलिश' म्हणजे उटणे. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल. दिवाळीला त्याची पुडी मिळते आणि अर्धी पुढच्या दिवाळीपर्यंत उरते. 'हर्बल स्टीम' म्हणजे घरी पाटावर बसून, डोक्यावरून चादर घेऊन घ्यायची वाफ. 'कांसा फूट थेरपी' म्हणजे काशाची वाटी. तळपायाला तूप नाहीतर तेल लावून वाटीच्या बुडाने घासायचे. तेल काळे पडते, आणि अंगातली उष्णता निघाली असे घरोघरी मानतात. काशाशी घासले की तेल तसे काळे पडतेच, हे कोणी सांगितलेले कोणाला आवडत नाही. घरची वाटी माळ्यावर आहे आणि तिच्यात जुनी बटणे आहेत, हे आईला त्या क्षणी आठवते. डोक्याच्या मालिशला दरपत्रकात भलतेच लांब नाव असते. ती मात्र इथूनच साहेबाच्या देशात गेलेली चंपी. पाटण्याला १७५९मध्ये जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या ब्रायटनला वाफेचे आणि चंपीचे स्नानगृह काढले, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांच्या अंगाला तेलाचे हात लावण्याची नेमणूक मिळवली. शाम्पू हा शब्द त्याच चंपीतून निघाला. 'स्वीडिश' म्हणून जे मालिश दिलेले असते त्याला खुद्द स्वीडनमध्ये नुसते 'क्लासिक' म्हणतात, तेव्हा नावाचे पैसे वेगळे लागतात हा आईचा संशय अगदीच निराधार नाही.

ती किंमत विचारते. मुलगी म्हणते, "ऑफर होती. एकावर एक फुकट." अशी ऑफर कधीच नसते. पण आई आकड्याला मनात दोनाने भागते, तरीही तो तिला सोसत नाही, आणि मग ती त्याला तूरडाळीच्या भावाने भागते.

खरी अडचण पैशाची नसते. अंगाला तेल लावून घेणे हा अनुभव तिला आयुष्यात एकदाच, फार तर दोनदा, आलेला असतो, आणि तो बाळंतपणात. तेव्हा सव्वा महिना रोज सकाळी तेल लावणारी बाई येई. आधी बाळ. त्याला ती दोन्ही पाय लांब करून त्यांवर पालथे घाली आणि रडूनरडून लाल होईपर्यंत रगडी. मग बाळंतीण. तिळाचे कोमट तेल, कडकडीत पाणी, पोट आवळून बांधणे, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, कानाला फडके. बाईला महिन्याचे ठरलेले पैसे आणि शेवटी साडी-खण. त्या बाईच्या हाताला असा जोर असे की हाडे सुटी होऊन पुन्हा जागच्या जागी बसल्यासारखी वाटत. स्पातल्या मालिशचे मोजमाप आई याच मापाने करते. आणि त्या मालिशला कारण होते. दूध यायचे होते, कंबर भरून यायची होती, बाळाला आई हवी होती. इथे कारण काय, हे तिला कोणी नीट सांगू शकत नाही. "आराम" हे उत्तर तिला उत्तरच वाटत नाही.

एरवी ती तेलाच्या वाटीच्या दुसऱ्या टोकाला असते. नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठून पाणी तापवणे, पाटाभोवती रांगोळी, नवऱ्याच्या पाठीला तेल, मुलांच्या पाठीला तेल, पाव्हणा आला असेल तर त्याच्याही वाटचे उटणे दुधात कालवून तयार. सगळ्यांची अभ्यंगस्नाने झाली, फटाके उडाले, फराळाची ताटे मांडली गेली की मग वाटीच्या बुडाशी जे काही उरले असेल ते ती स्वतःच्या कोपरांना लावते आणि पाणी निवायच्या आत आंघोळ करून येते.

उपचारापूर्वी वैद्यांची भेट असते. वैद्य तरुण, नुकत्याच पदवीधर झालेल्या. त्यांच्याकडे वात, पित्त, कफ ठरवायची छापील प्रश्नावली असते. झोप लागते का, भूक कशी, राग येतो का. रागाच्या प्रश्नावर आई मुलीकडे बघते आणि मुलगी खिडकीबाहेर. वैद्य सांगतात की वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करायला सांगितले आहे, त्यातही डोके, कान आणि पाय यांना विशेष. आई शांतपणे विचारते, "आणि तेलकट टॉवेल रोज कोण धुणार?" वाग्भटाने याचे उत्तर दिलेले नाही. मग प्रश्नावली उलटते. वैद्यांचे गाव कोणते, घरी कोण कोण, स्थळे बघतात का, आणि त्यांना जी सर्दी झालेली दिसते तिच्यावर आल्याचा रस आणि मध कसा घ्यायचा. दहा मिनिटांची भेट पंचवीस मिनिटे चालते आणि वैद्य उठतात तेव्हा त्यांच्याकडे एक औषध असते.

पुढचा टप्पा कपड्यांचा. पांढरा जाड झगा, कापडी सपाता, आणि पारदर्शक पिशवीत घडी घातलेले कागदी अंतर्वस्त्र. ही वस्तू आई उजेडाकडे धरून बघते, तिचा उपयोग कळल्यावर पुन्हा पिशवीत घालते आणि पिशवी पर्समध्ये टाकते. ती घरून आणलेला परकर छातीशी बांधते, उन्हवऱ्याच्या कुंडात तिच्या आईने बांधला होता तस्सा. दागिने काढायला सांगितल्यावर कुड्या निघतात, घड्याळ निघते, जोडवी निघत नाहीत कारण ती आता निघण्यापलीकडे गेलेली असतात. मंगळसूत्राशी येऊन गाडी थांबते. काढायचे नाही हे ठरलेले, काळ्या मण्यांना तेल लागू द्यायचे नाही हेही ठरलेले. शेवटी ते रुमालात बांधले जाते आणि तो रुमाल आई साठ मिनिटे मुठीत धरून ठेवते. तळहाताचे मालिश त्यामुळे एकाच हाताचे होते.

मायलेकींना बहुधा एकच खोली मिळते, शेजारी शेजारी दोन खाटा असलेली. ती जोडप्यांसाठी बांधलेली असते, हे खाटांवर पसरलेल्या गुलाबपाकळ्यांवरून कळते. पाकळ्या आई गोळा करून खिडकीत ठेवते. मंद उजेड, बासरी, आणि बासरीच्या मागे झुळझुळणाऱ्या पाण्याचे ध्वनिमुद्रण. मुलगी डोळे मिटून घेते. दीड मिनिटाने आई मान वर करते. "अगं, कुठेतरी नळ उघडा राहिलाय." टेप आहे असे सांगितले जाते. आई पडते, पण जिच्या सोसायटीत सकाळचे दोनच तास पाणी येते तिला वाहत्या पाण्याच्या आवाजात झोप कशी येणार? ध्वनिमुद्रण बंद करावे लागते. मग बाहेरचा जनरेटर ऐकू येतो, आणि तो तिला चालतो.

मालिश करणारी मुलगी बहुतेक वेळा केरळची नाहीतर मिझोराम-मणिपूरकडची. जोर कसा हवा, हलका, मध्यम की जास्त, असे ती विचारते. आई "मीडियम" सांगते, कारण परक्या ठिकाणी कुठलेच टोक गाठू नये. संभाषण हिंदीत होते, आणि ही हिंदी या व्यक्तिविशेषाची मुख्य खूण आहे. "बेटा, इधर मेरा खांदा धरेला है, जरा दाबो." "उधर नको, उधर गुदगुल्या होता है." "इतना तेल मत लगाओ, चादर खराब होगा." पंधराव्या मिनिटाला प्रश्न येतो, "तुम खाना खाया क्या?" या प्रश्नानंतर त्या खोलीत कोण कोणाची सेवा करते आहे हे सांगणे अवघड होते. आईला कळते की मुलगी दोन वर्षे घरी गेलेली नाही, धाकटा भाऊ कॉलेजात आहे, त्याची फी हीच भरते, आणि तिची स्वतःची मनगटे रात्री दुखतात. मनगटांना कोमट मिठाच्या पाण्याचा शेक सुचवला जातो. शेजारच्या खाटेवर, ज्या शांततेसाठी चार आकडी रक्कम मोजली, ती शांतता शोधत लेक पडून असते.

चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास आवाज बंद होतो. घोरणे सुरू होते. हे घोरणे आई पुढे कायम नाकारते. "डोळे मिटले होते नुसते, सगळं ऐकू येत होतं." मालिश करणारी मुलगी साक्षीदार असते, पण ती हसते आणि काही बोलत नाही. शेजारी लेकही आता पडल्यापडल्या घड्याळ बघायचे थांबते. आई झोपली म्हणजे आपले काम झाले असे तिला वाटते. गंमत अशी की तीच पुढे दहा मिनिटे गाढ झोपते, आणि उठवायला आलेल्या बाईला आई ओठांवर बोट ठेवून थांबवते. यायचे कारण तिच्यापुरते सुफळ झालेले असते.

शिरोधारेबद्दल वेगळे सांगायला हवे. कपाळावर कोमट तेलाची धार अर्धा-पाऊण तास संथ धरायची, एवढाच तो प्रकार. त्याला तेल लिटरभर किंवा त्याहून जास्त लागते, ते केसांतून खालच्या भांड्यात जमते आणि पुन्हा वरच्या पात्रात ओतले जाते. डोळ्यांवर पट्टी असल्याने आईला दिसत नाही, पण आवाजावरून तिला पुनर्वापराचा पत्ता लागतो. "माझ्या आधी कोणाच्या डोक्यावरून आलंय हे?" प्रत्येकाचे तेल वेगळे, हे पटवायला नवी बाटली डोळ्यांसमोर फोडून दाखवतात. मग प्रश्न उरतो की एवढे तेल नंतर कुठे जाते. टाकून देतात, हे उत्तर ऐकल्यावर शिरोधारेचा शांतपणा जो जातो तो परत येत नाही. काही आया ते तेल बाटलीत भरून मागतात, आणि ते घरी समईला चालते.

सगळ्याच आया अशा नसतात. एक असते जी पहिल्या तासाभरात बदलते. संध्याकाळी ती झगा घालूनच बागेत फिरते, स्वागतकक्षातल्या मुलांना नावाने हाक मारते आणि उद्याची वेळ मुलीला न विचारता स्वतःच ठरवते. अशी आई मुलीला थोडी भीतिदायक वाटते. दुसरी मुळातच माहीतगार. तिने मामीकडून काढे शिकलेले असतात, तेलाचा वास घेऊन ती "हे नारायण नाही, नुसतं तिळाचं आहे" असे सांगते, आणि ती बरोबर असते. वडिलांना नेल्याची उदाहरणे तुरळक. ते खाटेवर पडल्यापासून दोन मिनिटांत झोपतात, उठल्यावर चहा मागतात आणि "चांगलं होतं" म्हणतात. त्यांच्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

जेवणाचे थोडक्यात. बुफेत नाचणीचे काहीतरी, कडधान्याचे काहीतरी आणि साखर नसलेली खीर असते. आई खिरीत किती साखर हवी होती ते सांगते, रात्री खोलीत पुऱ्या आणि मेतकूट निघते, आणि या दोन दिवसांतले पोटभर जेवण तेच होते. केक पाण्याच्या पेल्याने झाकून घरी नेण्यासाठी ठेवलेला असतो. निघताना चिवड्याची पिशवी आणि दोनशेची नोट मालिश करणाऱ्या मुलीच्या हातात जाते, "भाऊ को बोलो पढ़ाई करने का" या निरोपासह. लेकीने बक्षिशीचे पैसे आधीच लिफाफ्यात दिलेले असतात, पण ते हॉटेलचे, हे माझे, असा आईचा हिशेब.

घरी आल्यावर किमतीचे काय होते हे बघण्यासारखे आहे. मुलीशी बोलताना "एवढे कशाला घातलेस" म्हणणारी आई भजनी मंडळात, भिशीत आणि जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकीला ऑफर वगळून, पूर्ण, छापील दर सांगते. काही जणींना त्याहून थोडा जास्त. "लेक ऐकतच नाही" हे पालुपद त्यात मधूनमधून येते. मालिशच्या दर्जाबद्दल "बाळंतपणातल्या बाईची सर नाही" हा निकाल कायम राहतो, पण खांदा दहा-बारा दिवस दुखला नाही हेही ती सांगून टाकते, बहुधा धाकट्या बहिणीला, आवाज खाली आणून. काशाची वाटी माळ्यावरून उतरते, बटणे दुसऱ्या डब्यात जातात, आणि एक-दोन रात्री नवऱ्याच्या तळपायांना तूप लागते.

बरोबर आणलेल्या वस्तूंची विल्हेवाट ठरलेली आहे. कापडी सपाता पाहुण्यांसाठी. शाम्पूच्या बारक्या बाटल्या प्रवासासाठी, म्हणजे कपाटात. शिवणाचा छोटा संच लगेच वापरात. कागदी अंतर्वस्त्राची पिशवी पर्सच्या आतल्या कप्प्यात, कारण टाकवत नाही आणि कोणाला देताही येत नाही. आंघोळीची प्लास्टिकची टोपी भिजवलेल्या कणकेच्या पातेल्यावर बसते, आणि ती इतकी नेमकी बसते की आई ती प्रत्येक येणाऱ्याला फ्रिज उघडून दाखवते. टोपीचे इलॅस्टिक साधारण वर्षभर टिकते. पुढचा वाढदिवस दीड-दोन महिन्यांवर आला की ती एके दिवशी मुलीला फोनवर, इतर चार गोष्टी सांगून झाल्यावर, टोपी आता सैल झाल्याचे कळवते.